दोन पोर्टांचा राउटर, सात जोडण्या: सांगलीच्या गावभागातल्या एका घराचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. तळमजल्याच्या भिंती दगड-विटांच्या, दीड फूट जाडीच्या. वरचा मजला नंतर चढवलेला, आरसीसी स्लॅबचा. खाली पुढच्या खोलीत घरमालकांचं करसल्लागाराचं कार्यालय: दोन संगणक आणि एक नेटवर्क प्रिंटर. वर राहणं, तिथे टीव्ही आणि घरून नोकरी करणाऱ्या मुलीचं टेबल. घराभोवती चार कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर कार्यालयातल्या कपाटात. फायबरचं कनेक्शन 200 एमबीपीएसचं. घरात सगळे ज्याला राउटर म्हणतात तो डबा म्हणजे ओएनटी, फायबरचं टोक ज्यात येतं ते कंपनीचं यंत्र, खाली मीटरबोर्डाशेजारी गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला.

या ओएनटीला लॅनचे पोर्ट, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या केबली लावायच्या जागा, दोनच. एकात एनव्हीआर, दुसऱ्यात कार्यालयाचा मुख्य संगणक, बाकी सगळं वाय-फायवर. मुख्य संगणकावर स्पीड टेस्ट केव्हाही केली तरी आकडा 94 च्या पुढे सरकत नव्हता. दुसरा संगणक मुख्य संगणकावरचा हिशेबाचा डेटा वाय-फायवरून उघडायचा. सिग्नल तुटला की नोंद अर्धवट राहायची. वरच्या टेबलापाशी मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. या सगळ्यावर घरच्यांची मागणी एकच होती: राउटरला आणखी पोर्ट हवेत.

पोर्ट वाढवणं हे या कामातलं सर्वांत सोपं कलम आहे, नेटवर्क स्विच, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा डबा, आणला की पोर्ट वाढतात. पण त्या स्विचला ओएनटीकडून येणारी जी एक केबल असते, तिच्यातून मागच्या सगळ्या यंत्रांचं इंटरनेट जातं. ती कोणत्या पोर्टातून निघते, कशाची आहे आणि तिची टोकं कशी भरली आहेत, यावर बाकीचं सगळं ठरतं. या घरात सापडलेले बहुतेक दोष याच तीन जागी होते.

94 चा आकडा

100 एमबीपीएसच्या इथरनेट, म्हणजे केबलीच्या, जोडणीत पॅकेटांच्या (डेटाच्या तुकड्यांच्या) वेष्टणाचा भाग वजा जाता वापरणाऱ्याच्या हाती सुमारे 94 उरतात. गिगाबिट, म्हणजे 1000 च्या, जोडणीत असेच सुमारे 940 उरतात. त्यामुळे 200 चा प्लॅन असताना आकडा 80 आणि 150 च्या मध्ये हेलकावे खात असेल तर कारण वाय-फाय, गर्दी किंवा समोरचा सर्व्हर, काहीही असू शकतं. पण तो रोज, दिवसरात्र 93-94 वरच थांबत असेल तर मधली एखादी जोडणी 100 वर बसली आहे असं धरून चालावं. कंपनीला फोन करण्याआधी ती शोधावी.

इथे ती ओएनटीवरच होती. साध्या ओएनटीत एक पोर्ट गिगाबिट आणि दुसरा फास्ट इथरनेट, म्हणजे 100 चा, अशी मांडणी सर्रास असते. डब्याच्या पाठीवर किंवा तळाच्या लेबलवर जीई आणि एफई अशी अक्षरं असतात. गिगाबिट पोर्ट एनव्हीआरने अडवला होता आणि संगणक एफई पोर्टात होता. एनव्हीआरला तेवढी गरजच नसते. प्रत्येक कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह 4 एमबीपीएसचा धरला तरी चार कॅमेऱ्यांचे 16 होतात. दोन पिनांची अदलाबदल केली आणि संगणकावर पूर्ण 200 आले. ही तक्रार एक रुपया खर्च न करता मिटली.

पुढच्या कामासाठीही ही तपासणी महत्त्वाची होती. नवा स्विच चुकून एफई पोर्टाला जोडला असता तर स्विचमागची झाडून सगळी यंत्रं मिळून 94 मध्ये वाटणी करत बसली असती, आणि स्विच गिगाबिटचा असल्यामुळे संशय भलतीकडे गेला असता. एकाच स्विचवरच्या दोन संगणकांमधली देवाणघेवाण मात्र ओएनटीपर्यंत जातच नाही. त्यामुळे आपसातली फाईल झपाट्याने जाते आणि इंटरनेट तेवढं 94 वर अडतं. असं दिसलं की स्विचला दोष देऊ नये, वरच्या केबलीकडे आणि पोर्टाकडे पाहावं.

मोजणी, आणि बाजूला ठेवलेले पर्याय

केबलीची गरज असलेली यंत्रं मोजली: संगणक दोन, प्रिंटर, एनव्हीआर, टीव्ही, वरचं टेबल आणि खालच्या मजल्यावर वाय-फाय देणारा ॲक्सेस पॉइंट. सात झाली. आठ पोर्टांच्या स्विचचा एक पोर्ट ओएनटीकडे जातो आणि सात उरतात, म्हणजे गणित काठोकाठ बसत होतं, पण यातली तीन यंत्रं खालच्या एकाच खोलीत आहेत. म्हणून वर आठचा आणि कार्यालयात पाचचा, असे दोन स्विच ठरले. दोन्ही गिगाबिट, दोन्ही साधे, सेटिंग नसलेले. दुकानात 100 एमबीपीएसचे स्विच अजून मिळतात आणि स्वस्तही असतात. खोक्यावर 10/100/1000 असं तीन आकड्यांत लिहिलेलं असेल तोच घ्यावा.

जास्त पोर्टांचा राउटर का नाही? घरगुती राउटरांना बहुधा चारच लॅन पोर्ट असतात, त्याहून जास्त असलेले महाग पडतात, आणि खालच्या खोलीत तीन केबली नेण्याचा प्रश्न तसाच राहतो.

एकाचे दोन करणारा वाय आकाराचा स्प्लिटर घरमालकांनी आधीच आणून ठेवला होता. त्यात कोणतंही इलेक्ट्रॉनिक्स नसतं, फक्त तारांची विभागणी असते. 100 एमबीपीएसला केबलीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, या जोरावर एका केबलीतून 100 च्या दोन जोडण्या नेता येतात. पण त्यासाठी दोन्ही टोकांना स्प्लिटर लागतो आणि राउटरचे पोर्टही दोन खर्ची पडतात. म्हणजे पोर्ट वाढत नाहीत, गिगाबिट मात्र जातं. एका टोकाला स्प्लिटर लावून दोन संगणक चालतील ही अपेक्षा तर मुळातच चुकीची. तो परत केला.

स्विच कुठे बसवायचा

गावभागात या प्रश्नाचं उत्तर कृष्णा देते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2021 च्या जुलैतही पाणी आलं. तरीही फायबर जोडताना ओएनटी गुडघ्याच्या उंचीवर बसतो, कारण मीटरबोर्ड तिथे असतो आणि प्लग हाताशी असतो. या भागात नेटवर्कचं मुख्य ठिकाण तळमजल्यावर ठेवूच नये. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण पाणी ओसरल्यावर घरात पहिली गरज फोन आणि नेटचीच लागते.

ओएनटी वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या भिंतीतल्या कपाटात हलवला. फायबर खांबावरून येताना वरच्या मजल्याच्या उंचीवरच घराला लागते आणि मग खाली उतरवलेली असते, त्यामुळे वाट उलट लहान झाली. हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. फायबर स्वतः ओढून पाहू नये, कारण टोक पुन्हा जोडायला त्यांचीच हत्यारं लागतात. काम झाल्यावर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर, फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहून घ्यावी. या प्रकारच्या जोडणीत ती साधारण −8 ते −27 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचं एकक) दरम्यान हवी. −27 च्या जवळ गेलेली असेल तर बहुधा वळण कुठे तरी चेपलं आहे किंवा जोड कच्चा आहे. तंत्रज्ञ दारात असतानाच हे दाखवावं.

एनव्हीआरही त्याच कपाटात आणला. कॅमेऱ्यांच्या केबली वरूनच खाली सोडलेल्या होत्या, त्या मागे ओढून घेतल्या. या एनव्हीआरला कॅमेऱ्यांसाठी वीज देणारे स्वतःचे पोर्ट आहेत आणि घराच्या नेटवर्कसाठी वेगळा एक. स्विचची केबल त्या वेगळ्या पोर्टातच जायला हवी. कॅमेऱ्याच्या पोर्टात लावली तर एनव्हीआर आपल्या आतल्या नेटवर्कचे पत्ते वाटतो आणि मोबाईलवर कॅमेरे दिसेनासे होतात.

खाली राहिला तो फक्त पाच पोर्टांचा लहान स्विच आणि ॲक्सेस पॉइंट. स्विच भिंतीवर खिळ्याला अडकवलेला, दोन पिना काढून वर नेता येईल असा. भिंतीतले जॅक खिडकीच्या लिंटेलच्या उंचीवर, सुमारे सात फुटांवर, आणि तिथून पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली तयार केबल, खाली. पाण्यात बुडालेला जॅक वाळल्यावर काही दिवस चालतो, मग त्याचे संपर्क गंजतात. केबलीच्या टोकातून आवरणात शिरलेलं पाणी तर वाळतच नाही. ती केबल बदलावीच लागते.

केबल

कपाटापासून कार्यालय 18 मीटर, टेबल 9, टीव्ही 7, खालच्या बोळातला ॲक्सेस पॉइंट 12. बेरीज 46. प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा, म्हणजे आणखी 8, आणि वळणांसाठी थोडी. 60 मीटर पुरली असती, 65 घेतली. 305 मीटरचा खोका घरासाठी लागत नाही; दुकानदार मीटरवर कापून देतात. आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वजा करून लांबी तपासता येते.

कॅट 6 या दर्जाची केबल घेतली, 23 गेजची, शुद्ध तांब्याची. इथे दुकानात एक गोष्ट हमखास पाहून घ्यायची असते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट 6 या नावानेच विकली जाते. ती हातात हलकी लागते, तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि चाकूने खरवडली की तांबूस थराखाली पांढरा धातू दिसतो. मल्टिमीटर असेल तर शंका उरतच नाही. केबलीच्या एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळायच्या आणि दुसऱ्या टोकाला त्या दोन तारांमधला रोध मोजायचा. 23 गेजच्या तांब्याला 100 मीटरला सुमारे 6.7 ओम लागतात. 18 मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन 36 मीटर, तेव्हा आकडा 2.4 च्या आसपास यायला हवा. मुलाम्याच्या केबलीला तो साधारण दीडपट येतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करायला विसरू नये, एवढ्या लहान आकड्यात तो फरक पाडतो.

भिंतीत आधीचा पाऊण इंची पाइप होता, पण त्यात विजेच्या तारा होत्या. 230 व्होल्टच्या तारांसोबत नेटची केबल एका पाइपात घालायची नाही. प्रश्न फक्त सिग्नलमधल्या अडथळ्याचा नाही: विजेच्या तारेचं आवरण कुठे खरचटलं तर व्होल्टेज थेट स्विचवर आणि ज्याच्या हातात पिन असेल त्याच्यावर येतं. म्हणून जिन्याच्या कडेने पीव्हीसीची केसिंग पट्टी मारली, विजेच्या पट्टीपासून वीतभर अंतर ठेवून. जिथे एकमेकींना ओलांडावं लागलं तिथे काटकोनात ओलांडलं. दीड फूट भिंतीतून जायला 16 मिलिमीटरचं दोन फुटी बिट लागलं. अशा भिंतीत दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं छिद्र पाडायला गेलं की छिद्रं जुळत नाहीत. मधल्या भरावात दगड लागला तर हॅमर बंद करून जागा दोन इंच सरकवावी.

केबल वळवताना तिच्या जाडीच्या चौपट, म्हणजे इंचभर त्रिज्येहून घट्ट वळण देऊ नये. क्लिप मारताना आवरण दबता कामा नये.

जुन्या केबलीतला दोष

कार्यालयातून वरच्या टेबलापर्यंत एक केबल कोणी तरी आधीच टाकून ठेवली होती. मुलीने ती लावून पाहिली होती. नेट येई, जाई, आणि आलं तरी रखडत चाले. टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागत होते. केबल तांब्याची होती. मग खोट कशात?

पारदर्शक पिन उजेडात धरल्यावर रंग दिसले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी असाच क्रम. डोळ्यांना नीटनेटका वाटणारा, आणि चुकीचा.

कारण असं: नेटवर्क कार्ड सिग्नल पिनेतल्या आठ संपर्कांच्या ठरलेल्या जोड्यांवर पाठवतं. 1 आणि 2 ही एक जोडी, 3 आणि 6 दुसरी, 4 आणि 5 तिसरी, 7 आणि 8 चौथी. केबलीतही तारा दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या असतात, आणि त्या पिळामुळेच शेजारच्या जोडीचा सिग्नल हिच्यात उतरत नाही. वरच्या क्रमात 3 नंबरवर पांढरा-हिरवा आहे पण 6 वर निळा, म्हणजे सिग्नलची जोडी एक आणि पीळ दुसऱ्याच तारेशी. 4 आणि 5 चीही तीच गत. साधा टेस्टर एकेका तारेतून वीज पलीकडे पोचते का एवढंच पाहतो, त्याला हे कळूच शकत नाही. दोन-तीन मीटरच्या तुकड्यात असा क्रम खपून जातो. लांबी वाढली की पॅकेटं गळू लागतात, गिगाबिट ठरता ठरता फिसकटतं आणि जोडणी 100 वर उतरते किंवा तुटत राहते.

बरोबर क्रम, ज्याला बी मांडणी म्हणतात तो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीला मधे घेते, एवढाच फरक लक्षात ठेवायचा. दोन्ही टोकांना हीच मांडणी. संगणकाला संगणक जोडताना एक टोक उलटं करायची जुनी पद्धत आता लागत नाही, आजचे पोर्ट ते स्वतःच ओळखतात.

नव्या केबलींना थेट पिना न मारता भिंतीत जॅक बसवले. आतली केबल एकसंध तारेची असते, ती रोज हलवण्यासाठी नाही. जॅकवर पंचिंग टूलने तारा बसवायच्या आणि यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड लावायची. जॅकच्या बाजूला ए आणि बी असे रंगांचे दोन पट्टे छापलेले असतात, त्यातला बी पाहायचा. तारांचा पीळ जॅकच्या तोंडापर्यंत ठेवायचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. काम सोपं जावं म्हणून दोन इंच उकलून बसवण्याची सवय पुष्कळांना असते, आणि तीच गिगाबिटच्या मुळावर येते.

जुनी केबल टाकून दिली नाही. ती जिन्याच्या कपाटाजवळूनच जात होती, तिथे कापून घेतली, दोन्ही टोकांना जॅक बसवले आणि कार्यालयाची राखीव केबल म्हणून ठेवली. टेबलाला नवी दिली.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून

ओएनटी वर गेल्यावर खालच्या जाड भिंतींमागे वाय-फाय पोचेना. घरात एक जुना राउटर पडून होता, तो वापरला. क्रम महत्त्वाचा आहे. नेटवर्कला जोडण्याआधी त्याला एकट्याला लॅपटॉप लावायचा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.2 करायचा, कारण ओएनटी 192.168.1.1 वर आहे. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरायचा. शेवटी डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं. मग स्विचकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावायची. वॅन पोर्ट, म्हणजे एरवी बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असलेला, रिकामा.

केबल वॅनमध्ये लावली तरी इंटरनेट चालतं, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. पण मग त्याच्यामागे दुसरंच नेटवर्क तयार होतं आणि मोबाईलवरून प्रिंटर दिसत नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर त्याहून वाईट: दोघं पत्ते वाटू लागतात, ज्या यंत्राला जुन्या राउटरचा पत्ता मिळाला त्याला बाहेरची वाट सापडत नाही, आणि कोणतं यंत्र कधी बंद पडेल याचा नेम राहत नाही.

ओएनटीवर पत्ते वाटण्याची मर्यादा 192.168.1.20 पासून पुढे ठेवली. प्रिंटर .10, एनव्हीआर .11, मुख्य संगणक .12 असे पक्के पत्ते दिले. हिशेबाचा डेटा दुसरा संगणक पत्त्यावरून शोधत असेल तर हे न केल्यास सोमवारी सकाळी फोन येणारच.

सगळं एकदम बंद पडलं तेव्हा

जोडणी झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी घरातलं सगळं नेट एकाच वेळी गेलं, वाय-फायसुद्धा. ओएनटी बंद-चालू केला की मिनिटभर यायचं आणि पुन्हा जायचं. दोन्ही स्विचचे दिवे मात्र एकदम, एका लयीत, न थांबता लुकलुकत होते.

ही लक्षणं जवळपास नेहमी एकाच गोष्टीची असतात. राखीव केबलीचं वरचं टोक, तयार असावं म्हणून, मोठ्या स्विचच्या 7 नंबरात लावून ठेवलं होतं. खाली कार्यालयात साफसफाई करताना कोणाला तरी एक सुटी पॅच कॉर्ड सापडली. तिचं एक टोक भिंतीतल्या रिकाम्या जॅकमध्ये आणि दुसरं लहान स्विचच्या रिकाम्या पोर्टात गेलं. आता दोन स्विचच्या मधे दोन वाटा झाल्या, म्हणजे एक पूर्ण वर्तुळ. सर्वांना उद्देशून पाठवलेलं पॅकेट स्विच सगळ्या पोर्टांवर पुढे सोडतो. ते एका वाटेने खाली जातं, दुसऱ्या वाटेने वर येतं, पुन्हा खाली जातं. इथरनेटच्या चौकटीत फेऱ्या मोजून थांबवणारं काही नसतं, त्यामुळे ते फिरत राहतं, प्रत्येक नव्या पॅकेटाची भर पडते आणि काही क्षणांत सगळी क्षमता त्यातच संपते. ओएनटीलाही तो मारा सोसवत नाही, म्हणून वाय-फायही जातं.

महागड्या स्विचमध्ये हे ओळखून एक वाट बंद करण्याची सोय असते. साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. उपाय: शंका आली की सगळ्या केबली काढायच्या, ओएनटीची आधी लावायची, मग एकेक करून बाकीच्या. ज्या केबलीला सगळे दिवे पुन्हा थैमान घालतील ती दोषी. इथे राखीव केबलीचं वरचं टोक काढून ठेवलं आणि खालच्या जॅकवर बंद झाकण बसवलं. राखीव केबल दोन्हीकडून मोकळीच असावी. प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना सारखाच नंबर चिकटवला आणि नंबरांची यादी कपाटाच्या दाराच्या आत लावली.

वीज

ओएनटी 12 व्होल्टचा, दोन्ही स्विच 5 व्होल्टचे, आणि तिन्हींची पिन एकाच मापाची. ओएनटीचा ॲडॉप्टर स्विचमध्ये बसतो आणि स्विच जळतो. प्रत्येक वायरीच्या टोकाला व्होल्टेजची पट्टी लावली. हे काम दोन मिनिटांचं आहे, ते टाळू नये.

वर इन्व्हर्टर होताच, पण लाइट जाताना तो बदलण्याच्या क्षणी ओएनटी बंद होऊन परत चालू व्हायचा आणि चालू मीटिंग तुटायची. 12 आणि 5 व्होल्ट असे दोन्ही आउटपुट असलेला मिनी यूपीएस घेतला आणि त्यावर ओएनटी व मोठा स्विच दोन्ही ठेवले. नुसता ओएनटी ठेवला असता तर लाइट गेल्यावर वाय-फाय चालू आणि केबलीवरचं सगळं बंद, असा घोटाळा झाला असता. खालचा लहान स्विच कार्यालयाच्या संगणकांच्या यूपीएसवर ठेवला. संगणक चालू राहिले आणि मधला स्विचच गेला तर उघडा डेटा पुन्हा अर्धवट राहतो, आणि मूळ तक्रार तीच होती.

गच्चीवरच्या कॅमेऱ्यांच्या केबली हा वेगळा धोका आहे. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की उघड्यावरच्या तांब्यात झटका येतो आणि एनव्हीआरमधून स्विचपर्यंत पोचू शकतो. वीज कडकडायला लागली की एनव्हीआर आणि स्विच यांच्यामधली पॅच कॉर्ड काढावी. ती लाल रंगाची लावली आहे, घरातल्या कोणालाही ओळखता यावी म्हणून.

तपासणी

प्रत्येक संगणकावर इथरनेटच्या माहितीत जोडणीचा वेग 1000 दिसतो का ते आधी पाहिलं. स्पीड टेस्ट करताना वाय-फाय बंद करायचं, नाही तर आपण काय मोजतो आहोत हेच कळत नाही. दोन्ही मजल्यांमध्ये आयपर्फ हा दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवून 940 च्या आसपास आकडा आला. इंटरनेट दोन्हीकडे 200.

वरच्या लॅपटॉपला मात्र आधी 94 च आले. त्याला लॅन पोर्ट नाही आणि यूएसबीचा जो ॲडॉप्टर घरात होता तो 100 चा होता. यूएसबी 3 चा गिगाबिट ॲडॉप्टर आणला, प्रश्न मिटला. टीव्हीची जोडणीही 100 वरच बसली आणि ती तशीच सोडली. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच 100 चा असतो, आणि 4के चित्राला 25 एमबीपीएस पुरतात. तिथे केबल बदलत बसण्यात अर्थ नाही.

आजची मांडणी अशी आहे: मोठ्या स्विचच्या 1 मध्ये ओएनटीचा गिगाबिट पोर्ट, 2 मध्ये कार्यालय, 3 मध्ये टेबल, 4 मध्ये टीव्ही, 5 मध्ये एनव्हीआर, 6 मध्ये ॲक्सेस पॉइंट. 7 आणि 8 रिकामे. ओएनटीचा एफई पोर्टही रिकामाच ठेवला आहे. लहान स्विचवर दोन संगणक, प्रिंटर, वरची केबल आणि एक रिकामा पोर्ट. जुन्या राउटरचे पोर्ट 100 चे असल्याने खालच्या मजल्यावर वाय-फाय 94 च्या वर जात नाही. मोबाईल आणि येणाऱ्या अशिलांसाठी ते पुरतं. पुढे बदलायचं झालं तर तेवढाच डबा बदलावा लागेल, केबल कॅट 6 आहे. गच्चीवर खोली बांधण्याचा विचार आहे. तिची केबल मोठ्या स्विचच्या 7 मधून स्वतंत्र न्यावी, आणि बांधकामातच पाऊण इंची रिकामा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा टाकून घ्यावा.